बारमाही टायर की ऋतुमानाप्रमाणे दोन संच?

उच्च शिक्षणासाठी अथवा नोकरीनिमित्त जर्मनी, कॅनडा किंवा फिनलंडसारख्या देशांत जाणारे आपले विद्यार्थी तेथे स्थिरस्थावर झाल्यावर बहुधा एखादी जुनी मोटार विकत घेतात, आणि पहिल्याच ऑक्टोबरात त्यांच्यापुढे असा एक प्रश्न उभा राहतो की, ज्याची कल्पना पुण्यात किंवा कोल्हापुरात वाढलेल्या माणसास सहसा नसते. मोटारीस वर्षभर एकच 'बारमाही' टायर ठेवावयाचे, की उन्हाळ्याचा एक व हिवाळ्याचा एक असे दोन संच बाळगून वर्षातून दोनदा त्यांची अदलाबदल करावयाची? दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरे सांगतो, आणि दोघांच्याही म्हणण्यात थोडेफार तथ्य असते. वरवर पाहता हा प्रश्न केवळ खर्चाचा व सोयीचा आहे असे वाटते. परंतु त्याचे मूळ रबर या पदार्थाच्या स्वभावात आहे आणि तो स्वभाव एकदा समजला म्हणजे निर्णय कोणत्या आधारावर करावयाचा हेही पुष्कळसे स्पष्ट होते. म्हणून या लेखात प्रथम पदार्थाचा व नंतर व्यवहाराचा विचार केला आहे.

प्रस्तुत लेखकास या विषयाचा पहिला धडा म्युनिक येथे मिळाला. संशोधनाच्या निमित्ताने तेथे एक हिवाळा काढावयाचा होता. घरमालकीणबाईंनी सप्टेंबर संपताच 'टायर बदलले का?' अशी विचारणा केली आणि तिकडील लोकांच्या तोंडी असलेला 'ओपासून ओपर्यंत' हा नियमही ऐकविला. ओक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, हिवाळी टायर असावेत असा त्याचा अर्थ. लेखकाने ते हसण्यावारी नेले, कारण रस्ते कोरडे होते आणि ऊन पडत होते. नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी रात्रीत पडलेल्या बोटभर हिमावरून गाडी निघाली. वेग ताशी ३० किलोमीटरहून अधिक नव्हता. चौकाजवळच्या किंचित उतारावर ब्रेक दाबला तेव्हा पायाखाली ब्रेकची यंत्रणा थरथरली, पण गाडी थांबण्याचे नाव घेईना. थांबण्याची रेषा मागे पडली, पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे मागे पडले आणि गाडी चौकाच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली. पदपथाच्या कडेला काठी टेकीत उभ्या असलेल्या एका वृद्ध बाई रस्त्यावर पाऊल टाकण्याच्या बेतात होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. त्यांनी काही म्हटले नाही, नुसते टायरांकडे पाहिले. दुसऱ्याच दिवशी टायर बदलले हे सांगावयास नकोच.

दीड टन वजनाची मोटार जमिनीला किती टेकते, याचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक चाकावर सुमारे पावणेचारशे किलोग्रॅम भार येतो. टायरातील हवेचा दाब २.३ बार धरला तर तो भार पेलण्यासाठी सुमारे १६० चौरस सेंटीमीटर जागा लागते. म्हणजे प्रत्येक चाक हाताच्या पंजाएवढ्या जागेवर उभे असते. गाडीचे निघणे, वळणे, थांबणे हे सारे या चार पंजांएवढ्या रबराच्या पकडीवर अवलंबून आहे. इंजिन कितीही बलवान असो किंवा ब्रेक कितीही उत्तम असोत, या चार जागांची पकड जेवढी, तेवढाच त्यांचा उपयोग. बैलगाडीच्या चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्टीस आपल्याकडे 'धाव' म्हणतात. टायरच्या जमिनीस टेकणाऱ्या, नक्षी कोरलेल्या जाड थरासही आपण येथे तेच नाव देऊ.

रबराचे रेणू म्हणजे हजारो दुव्यांच्या लांब साखळ्या होत. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधकाबरोबर रबर तापवून या साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींस जोडण्याची युक्ती शोधून काढली. तिलाच व्हल्कनीकरण म्हणतात. सामान्य तापमानास या साखळ्या सतत वळवळत असतात. त्यामुळे रबर दाबले असता दबते आणि सोडले असता पूर्वस्थितीस येते. तापमान उतरू लागले की ही वळवळ मंदावते आणि एका विशिष्ट टप्प्यापलीकडे साखळ्या गोठून रबर काचेसारखे कडक व ठिसूळ बनते. या टप्प्यास काचसंक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबराच्या बाबतीत ते सुमारे उणे ७० अंश सेल्सियस असते. ब्युटाडाइनपासून बनविलेल्या एका रबराच्या बाबतीत ते सुमारे उणे १०० अंशांपर्यंत खाली जाते, तर स्टायरीन अधिक असलेल्या मिश्र रबरात ते उणे २० अंशांपर्यंत वरही येते. मात्र कडकपणा येण्यास प्रत्यक्ष गोठण्याची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या पुष्कळ आधीच रबर आळशी होते, म्हणजे दबलेले पूर्ववत होण्यास वेळ लावू लागते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान सात प्रवाशांसह नष्ट झाले, त्याचे कारण रबराचा हाच आळशीपणा होता. थंडीच्या त्या सकाळी सांध्यातील रबरी कडी वेळेवर फुगून सांधा बंद करू शकली नाही. चौकशीच्या वेळी पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी तशा कडीचा तुकडा पेल्यातील बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांसमक्ष हे दाखवून दिले. शून्य अंशाच्या पाण्यात बुडालेली ती कडी आणि शून्य अंशाच्या रस्त्यावर उभा असलेला उन्हाळी टायर यांचे दुखणे एकच आहे.

आता पकड कशी निर्माण होते ते पाहू. रबराचे घर्षण लाकडाच्या किंवा लोखंडाच्या घर्षणाप्रमाणे साध्या नियमाने चालत नाही. रस्त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खड्यांनी भरलेला असतो. धाव त्यांवरून सरकताना रबर प्रत्येक खड्याभोवती दबते व पुन्हा सुटते. दबताना खर्ची पडलेली ऊर्जा सुटताना पूर्णपणे परत मिळत नाही, काही भाग उष्णतेच्या रूपाने नाहीसा होतो. या गुणास शैथिल्य म्हणतात, आणि सरकणाऱ्या चाकास जो विरोध होतो त्याचा मोठा भाग या ऊर्जानाशातून येतो. ओल्या रस्त्यावर, जेथे रबर व दगड यांच्यामध्ये पाणी आलेले असते, तेथे तर मुख्य भरवसा याच गुणावर ठेवावा लागतो. के. ए. ग्रॉश यांनी १९६३ मध्ये निरनिराळ्या तापमानांना व वेगांना रबराचे घर्षण मोजून दाखविले की, तापमान उतरविणे आणि सरकण्याचा वेग वाढविणे या दोन्ही गोष्टींचा रबरावर होणारा परिणाम एकाच जातीचा आहे. घसरणाऱ्या चाकाखालील रबरास सूक्ष्म खड्यांचे ठोके सेकंदाला हजारो ते लाखो वेळा बसतात. इतक्या घाईच्या ठोक्यांना रबर जणू अधिक थंड असल्याप्रमाणे प्रतिसाद देते. म्हणूनच ज्या धावेचे रबर हातास मऊ लागते तेही थंड रस्त्यावर ब्रेक लावण्याच्या क्षणी कडक होऊन बसते.

येथेच टायर बनविणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर धाव घट्ट राहावी, नक्षीचे ठोकळे लिबलिबीत होऊ नयेत, झीज कमी व्हावी यासाठी त्याला वरच्या संक्रमण तापमानाचे, अधिक शैथिल्याचे रबर हवे असते. हिवाळ्यात धाव मऊ राहावी यासाठी खालच्या संक्रमण तापमानाचे हवे असते. शिवाय इंधन वाचावे म्हणून नेहमीच्या फिरण्यात, जेव्हा ठोके सेकंदाला दहा-वीसच असतात, ऊर्जा कमी वाया जावयास हवी. पूर्वी रबरास बळकटी आणण्यासाठी केवळ काजळी मिसळीत. १९९० नंतरच्या दशकात मिशलँ या फ्रेंच कंपनीने काजळीच्या जागी सिलिका व तिला रबराशी बांधणारे सिलेन वापरून ही ओढाताण बरीच सैल केली. आजचे चांगले बारमाही टायर शक्य झाले ते मुख्यतः यामुळे. परंतु ओढाताण सैल झाली, संपली नाही. उणे १५ अंशांपासून अधिक ३५ अंशांपर्यंत प्रत्येक ठिकाणी सर्वोत्तम ठरेल असे एकच रबर अद्याप कोणी बनविलेले नाही.

सात अंश सेल्सियसच्या खाली हिवाळी टायर आणि वर उन्हाळी टायर, असा एक नियम युरोपात सर्वत्र ऐकू येतो. लक्षात ठेवण्यास तो बरा असला तरी शास्त्रदृष्ट्या सातच्या आकड्यात काही जादू नाही. रबराचे गुण हळूहळू बदलतात, सातावरून सहावर येताच काही तुटून पडत नाही. पाच अंशांच्या कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर अनेकदा हिवाळी टायरहून सरसही ठरतो. महाराष्ट्रात निफाडसारख्या ठिकाणी पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून तेथे कोणी टायर बदलीत नाही व बदलण्याचे कारणही नाही. खरा भेद रस्त्यावर हिम व बर्फ आल्यावर पडतो.

मराठीत आपण आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम आणि गोठलेल्या पाण्याचा काचेसारखा थर या दोहोंस सर्रास 'बर्फ' म्हणतो. टायरच्या दृष्टीने मात्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. हिमावर पकड मिळते ती रबराच्या घर्षणापेक्षा नक्षीच्या रचनेमुळे. हिवाळी टायरच्या रुंद खाचांत हिम दाबले जाऊन घट्ट बसते आणि ते खालच्या हिमाला धरून ठेवते. मुठीत दाबलेल्या हिमाचा गोळा जसा एकजीव होतो तसाच हा प्रकार आहे. हिमावर हिम जितके चिकटते तितके गुळगुळीत रबर चिकटत नाही. शिवाय ठोकळ्यांवर सुरीने कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. जॉन सायप या अमेरिकनाने १९२३ मध्ये अशा चिरांचे पेटंट घेतले, म्हणून इंग्रजीत त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. ठोकळा वाकला की या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा हिमात रुततात. या कडा मऊ राहिल्या तरच उपयोगी, म्हणून रबर आणि नक्षी यांचा विचार वेगळा करता येत नाही.

बर्फाच्या थरावरचे गणित याहून बिकट आहे. शून्य अंशाच्या जवळ बर्फावर पाण्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा असतो आणि तोच वंगणाचे काम करतो. कडाक्याच्या थंडीत हा पापुद्रा विरळ होतो. त्यामुळे उणे २० अंशांतला बर्फ उणे एक अंशातल्या बर्फापेक्षा कमी निसरडा असतो, हे ऐकून आपल्याकडील माणसास आश्चर्य वाटते. फिनलंडमध्ये १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार झाला, आणि १९३६ साली 'हक्कापेलीत्ता' या नावाने प्रवासी मोटारींसाठी. हेच नाव तेथे आजही चालते. पुढे उत्तरेकडील देशांत धावेत धातूचे खिळे बसविलेले टायर रूढ झाले. बर्फावर ते उत्तम, पण उघड्या रस्त्यावर तेच खिळे डांबर खरवडतात. जपानच्या थंड प्रदेशातील शहरांत त्या धुळीने श्वास घेणे कठीण होऊ लागले, तेव्हा १९९० मध्ये तेथे कायदा करून खिळ्यांच्या टायरांवर निर्बंध घालण्यात आले आणि खिळ्यांवाचून बर्फ धरणाऱ्या मऊ रबराच्या टायरांचा विकास झपाट्याने झाला.

बारमाही टायरचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. अमेरिकेत गुडइयर कंपनीने १९७७ मध्ये 'टिएम्पो' हा बारमाही रेडियल टायर विक्रीस आणला आणि वर्षातून दोनदा चाके बदलण्यास कंटाळलेल्या ग्राहकांनी तो उचलून धरला. अशा टायरांवर चिखल व हिम या अर्थाची 'एम अधिक एस' ही अक्षरे असत. ही अक्षरे म्हणजे नक्षीच्या उघडेपणाविषयी कारखानदाराने स्वतःच केलेले विधान होते, त्यामागे हिमावरची कोणतीही चाचणी आवश्यक नव्हती. ही उणीव ओळखून १९९९ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील टायर-उद्योगाने एक नवे चिन्ह स्वीकारले. तीन शिखरांचा पर्वत आणि त्याच्या पोटात हिमस्फटिक असे ते चिन्ह आहे. ठरलेल्या संदर्भ-टायरशी तुलना करून दाबलेल्या हिमावर ठराविक पकड सिद्ध झाल्यावरच ते लावता येते. मिशलँने २०१५ मध्ये काढलेल्या 'क्रॉसक्लायमेट'सारख्या टायरांनी मूळ उन्हाळी प्रकृती राखूनही हे चिन्ह मिळविले आणि तेव्हापासून मध्य युरोपात बारमाही टायरांकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

येथे अटलांटिकच्या दोन तीरांवरील शब्दभेद लक्षात घ्यावयास हवा, कारण त्यामुळे नवागताची फसगत होते. उत्तर अमेरिकेत 'ऑल-सीझन' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक टायरांवर पर्वताचे चिन्ह नसते. ज्यांवर ते असते त्यांस तेथे बहुधा 'ऑल-वेदर' म्हणतात. युरोपात मात्र बारमाही म्हटले की बहुधा चिन्हांकित टायरच अभिप्रेत असतो. तेव्हा नावावर न जाता टायरच्या कुशीवरील चिन्ह पाहावे. आणि या चिन्हाच्याही मर्यादा आहेत. ते केवळ किमान पात्रता सांगते. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत पहिला कोण व काठावरचा कोण हे त्यावरून कळत नाही, आणि ती परीक्षा हिमावरची असते, बर्फावरची नव्हे. बर्फावरील पकडीचे वेगळे चिन्ह युरोपीय संघाने मे २०२१ पासूनच्या टायरपत्रिकेत समाविष्ट केले आहे.

पकडीतील थोडासा फरक प्रत्यक्षात किती मोठा ठरतो, हे एका साध्या उदाहरणाने दिसेल. थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि घर्षणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर, घर्षणांक ०.८ असता, ब्रेक लागल्यापासून सुमारे १२ मीटरांत थांबते. दाबलेल्या हिमावर एका टायरचा घर्षणांक ०.३ आणि दुसऱ्याचा ०.२ आहे असे समजू. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत, तरी वास्तवापासून फार दूरचे नाहीत. पहिली गाडी सुमारे ३३ मीटरांत थांबेल, दुसरी ४९ मीटरांत. सोळा मीटरांचा हा फरक कागदावर फारसा भयंकर दिसत नाही. परंतु प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा. पहिली गाडी जेथे पूर्ण थांबली, त्या जागी दुसरीचा वेग किती असेल? उत्तर आहे, ताशी सुमारे २९ किलोमीटर. त्या जागी एखादे मूल उभे असेल तर पहिल्या गाडीने ते वाचते आणि दुसरीने त्याला धडक बसते. निव्वळ बर्फावर घर्षणांक ०.१ वर आला तर हेच अंतर ९८ मीटर होते. तेथे कोणताही टायर फारसा तारणहार नसतो, वेग कमी ठेवणे एवढाच उपाय उरतो.

कायद्यांत या प्रश्नाचे उत्तर देशोदेशी निरनिराळे आहे. जर्मनीत तारखेचे बंधन नाही. रस्त्यावर हिम, बर्फ, चिखलमिश्रित हिम किंवा गोठलेले दहिवर असेल तेव्हा हिवाळ्यास योग्य टायर असलेच पाहिजेत, असा २०१० पासूनचा स्पष्ट नियम आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी पर्वताचे चिन्ह अनिवार्य झाले आहे. चिन्हांकित बारमाही टायर त्यात बसतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता हिवाळी अवस्थेत असल्यास हे बंधन येते आणि नक्षीची खोली किमान ४ मिलिमीटर लागते. सर्वसाधारण युरोपीय मर्यादा १.६ मिलिमीटरची आहे, पण तेवढ्या उथळ खाचांत हिम धरून ठेवण्यास जागाच उरत नाही. फिनलंडमध्ये नोव्हेंबर ते मार्च या काळात हवा किंवा रस्ता तशी मागणी करील तेव्हा हिवाळी टायर लागतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने मात्र हवामानाकडे न पाहता तारखाच बांधून दिल्या आहेत. २००८ पासून असलेला हा नियम २०१९ पासून १ डिसेंबर ते १५ मार्च या काळास लागू आहे, आणि तेथे चिन्ह नसलेला 'ऑल-सीझन' टायर चालत नाही. कायदा पाळला म्हणजे विचार संपला असे मात्र नाही, कारण कायदा किमान मर्यादा सांगतो आणि दंड सोसूनही गाडी थांबत नसते.

मग निवड कशी करावी? लोक बहुधा सरासरी हवामानाचा विचार करतात आणि तेथेच चूक होते. वर्षातील तीनशे दिवस कोणताही धड टायर काम भागवितो. निर्णय करावयाचा तो उरलेल्या दिवसांवरून, आणि त्यातही ज्या दिवशी रस्ता सर्वात वाईट असेल त्या दिवशी आपल्याला गाडी बाहेर काढणे टाळता येईल की नाही यावरून. ऱ्हाइनकाठी कोलोनमध्ये राहणारा, हिम पडल्यास ट्रामने विद्यापीठात जाऊ शकणारा विद्यार्थी चांगल्या चिन्हांकित बारमाही टायरांवर निश्चिंतपणे राहू शकतो. त्याच शहरात पहाटेच्या पाळीस रुग्णालयात पोहोचावे लागणाऱ्या परिचारिकेस तेच उत्तर देताना मी विचार करीन. समुद्रसपाटीपासून सुमारे ५२० मीटर उंचीवर असलेल्या म्युनिकमध्ये, आणि दर रविवारी आल्प्सकडे जाणाऱ्यांच्या बाबतीत, दोन संचांचे पारडे जड होते. फिनलंड किंवा क्वेबेक येथे तर माझ्या मते खऱ्या हिवाळी टायरांवाचून गत्यंतर नाही, कारण तेथे वाईट दिवस एखाददुसरा नसून चार महिने सलग असतात. उलट टोकाचाही विचार करावा. ज्याला उन्हाळ्यात भरधाव महामार्गावरून लांबचे प्रवास भरल्या गाडीनिशी करावे लागतात, त्याच्यासाठी उन्हाळी टायरची घट्ट धाव हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. मऊ रबराचा टायर तापलेल्या रस्त्यावर अधिक लांब घसरतो व लवकर झिजतो.

खर्चाविषयी एक गैरसमज प्रचलित आहे. दोन संच घेतले म्हणजे दुप्पट रबर विकत घ्यावे लागते, असे पुष्कळांस वाटते. ते नेहमीच खरे नाही. एक संच ४०,००० किलोमीटर चालतो असे समजा. वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणाऱ्यास बारमाही टायरांचे चार वर्षांत दोन संच लागतील. ऋतूप्रमाणे दोन संच आलटूनपालटून वापरले तरी चार वर्षांत दोनच संच झिजतील. वाढीव खर्च येतो तो दुसऱ्या रिमांचा, वर्षातून दोनदा बदलण्याच्या मजुरीचा आणि साठवणुकीचा. परंतु वर्षाला ६,००० किलोमीटरच फिरणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा एकच बारमाही संच साडेसहा वर्षे पुरेल. दोन संच झिजावयास मात्र तेरा वर्षे लागतील, आणि रबर तोपर्यंत टिकत नाही. प्राणवायू व ओझोन यांच्या संपर्काने ते न वापरताही कडक होते, बारीक तडे पडतात, आणि हिवाळी टायरचा तर मऊपणा हाच प्राण असतो. अशा माणसाने दोन संच घेतल्यास निम्मे रबर वापरावाचून टाकून द्यावे लागते. तेव्हा कमी फिरणारा, सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशातील आणि गाडी घरी ठेवण्याची मुभा असलेला मनुष्य यालाच बारमाही टायर सर्वार्थाने शोभतो.

काही चुका वारंवार होताना दिसतात. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी गाडी असली म्हणजे हिवाळी टायर नकोत, ही त्यांतील सर्वात घातक. चारही चाकांची ओढ गाडी निघण्यास व चढ चढण्यास उपयोगी पडते. ब्रेक तर सर्वच गाड्यांचे चारही चाकांवर असतात, त्यामुळे थांबताना अशा गाडीस काहीही अधिक लाभ नसतो. सहज निघता आले म्हणून चालकाचा आत्मविश्वास तेवढा वाढतो. दुसरी चूक काटकसरीची. केवळ पुढच्या दोन चाकांना हिवाळी टायर लावले तर ब्रेक दाबताच पुढचा भाग धरतो, मागचा धरीत नाही आणि गाडी भिंगरीसारखी फिरते. टायर चारही एकाच जातीचे असावेत. हवेच्या दाबाकडेही दुर्लक्ष होते. तापमान दहा अंशांनी उतरले की टायरातील दाब सुमारे ०.१ बारने घटतो. पंचवीस अंशांच्या दिवशी भरलेली हवा उणे पाच अंशांच्या सकाळी ०.३ बारने कमी भरते, आणि टायर बदलूनही गाडी जड का चालते याचे कोडे पडते.

जुनी गाडी घेताना विक्रेता 'हिवाळी संच फुकट' असे आमिष दाखवितो. त्या वेळी टायरच्या कुशीवरील अंडाकृती चौकटीतील चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नंतर पर्वताचे चिन्ह शोधावे, सर्वात उथळ खाचेची खोली मोजावी आणि धावेत अंगठ्याचे नख रुतवून पाहावे. संच आठ-दहा वर्षांचा असेल, खोली ४ मिलिमीटरांच्या आत असेल किंवा नख रुतत नसेल, तर नक्षी कितीही सुबक दिसो, तो संच गाडीच्या किमतीत धरू नये व पहिल्या हिमापूर्वी नव्या टायरांसाठी पैसे बाजूस काढून ठेवावेत.